गाडी आत, शटर खाली

माझ्या गॅरेजची किल्ली कित्येक वर्षं माझ्या दिरांच्या घरी, वरच्या मजल्यावर, दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची. मला माझ्याच गॅरेजमधून शिडी हवी असली, उन्हाळ्यात कूलर काढायचा असला, की जिना चढून वर जायचं, बेल वाजवायची आणि म्हणायचं, "भाऊजी, जरा किल्ली द्या." भाऊजी ती लगेच देत नसत. "काय काढायचंय?" असं विचारत. मी सांगत असे. मग ते स्वतः खाली येत, कुलूप काढत, मी शिडी बाहेर ओढेपर्यंत उभे राहत, पुन्हा कुलूप लावत आणि किल्ली खिशात टाकून वर जात. जाता जाता विचारत, "गाडीला घासली नाही ना?"

गाडी त्यांची होती. गॅरेज माझं होतं. याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. सासऱ्यांनी हयातीतच वाटणी करून ठेवली होती. खालचा मजला आणि गॅरेज थोरल्याला, वरचा मजला आणि गच्ची धाकट्याला. थोरला म्हणजे माझा नवरा. भाऊजींनीही कधी "गॅरेज माझं आहे" असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त त्याला आपलं कुलूप लावलं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी जीप सांगायला हवी.

माझा नवरा गुरांचा डॉक्टर होता. नोकरीची बरीच वर्षं त्याने सुरगाण्याकडे काढली. सोमवारी पहाटे नाशिकहून निघायचा, शनिवारी अंधार पडता पडता परत यायचा. त्या रस्त्यांसाठी त्याने एक जुनी जीप घेतली होती. तिला फिनाईलचा, शेणाचा आणि ओल्या पोत्यांचा असा एक वास होता की आठवडाभर दार उघडं ठेवलं तरी जात नसे. परत येताना मागच्या बाकावर कुणीतरी दिलेली नागली असायची, कधी नवा तांदूळ, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा. ती जीप मीही चालवायचे. मुलगी लहान असताना सुट्टीत आम्ही दोघी त्याच्याकडे राहायला जायचो, तेव्हा तिथल्या माळावर त्याने मला शिकवली. पुढे वणीच्या पलीकडचा घाट लागला की तो मुद्दाम खाली उतरायचा, माझ्या हातात स्टिअरिंग द्यायचा आणि शेजारी बसून शेंगा खायचा. मी गिअर चुकवला तरी त्याचं चघळणं थांबत नसे.

कावीळ झाली म्हणून तो रजेवर घरी आला आणि नंतर सुरगाण्याला गेलाच नाही. काविळीच्या मागे काय होतं ते कळेपर्यंत उशीर झाला होता. तेरावं झाल्यावर भाऊ मला माहेरी, सटाण्याला घेऊन गेला. मुलगी तेव्हा बारावीला होती. तिला नाशिकलाच माझ्या मैत्रिणीकडे ठेवून मी गेले, कारण मला कुणाशी बोलता येत नव्हतं आणि तिला अभ्यास करायचा होता.

मी परत आले तेव्हा गॅरेजमध्ये जीप नव्हती. दाराच्या फटीतून एक मोठी पांढरी गाडी दिसत होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, टायरखाली चिरडलेली लिंबं. दाराला नवं पितळी कुलूप होतं. मी जिन्याखाली उभी राहून हाक मारली तेव्हा भाऊजी कठड्यावरून वाकून म्हणाले, "अहो वहिनी, भंगारात दिली ती. नुसती जागा अडवून बसली होती. तुम्ही कुठे चालवणार होतात?"

जीपमध्ये त्याची कातडी पिशवी होती. त्याचे गमबूट होते. पुढच्या कप्प्यात त्याचा चष्मा होता. तो मी मुद्दाम तिथेच ठेवला होता, कारण घरात तो कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं. मी विचारलं, "आणि आतलं सामान?"

"सामान कसलं? चिंध्या होत्या सगळ्या," असं म्हणून ते आत गेले.

मी सटाण्याला आईला फोन केला. आई म्हणाली, "उगी ऱ्हाय माय. आते त्यासनासंगेच ऱ्हानं शे तुले." त्यांच्याबरोबरच राहायचं आहे तुला. तिचं चुकलं नव्हतं. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, तिचं लग्न व्हायचं होतं, आणि लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बाजूने बोलायला काकाच लागणार होता. मी उगी राहिले. पण उगी राहणं म्हणजे विसरणं असं जे भाऊजींना वाटलं, ती त्यांची समज. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी करत होते. स्टोअरमध्ये एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. माल आज लागला नाही म्हणून टाकून द्यायचा नसतो. तो नीट झाकून, कोरड्या जागी ठेवायचा.

दरवर्षी त्यात भर पडत गेली. गाडीमागोमाग जुने टायर आले, मग सिमेंटची उरलेली पोती, वरच्या मजल्याचा बिघडलेला फ्रीज. पावसाळ्यात मी पापड-कुरडयांचे डबे ठेवायला गेले तर भाऊजी म्हणाले, "उंदीर होतील वहिनी, सीट कुरतडतील." माझे डबे मी परत घरात आणले. एकदा माझ्या दारात त्यांचे मित्र आले होते, त्यांना गॅरेज दाखवत ते म्हणाले, "वहिनींना काय, मोकळीच होती जागा." मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासत होते. हातातली कढई मी तीनदा घासली असेन.

मुलीचं लग्न झालं. काकांनी बैठकीत दोन शब्द बोलून दिले, त्याबद्दल मी त्यांना पोशाख केला, नमस्कार केला. मुलगी पुण्याला गेली. त्यानंतरच्या आठवड्यात मी एका शटरवाल्याला गाठलं.

हा शटरवाला सातपूरचाच. आमच्या कारखान्याचं मागचं फाटक त्याने केलं होतं, म्हणून ओळख. बोलायला गोड आणि वायदे करायला पक्का चालू. "परवा नक्की मॅडम" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याचा परवा कधी उजाडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. माप घ्यायला तो भाऊजी कामावर असताना आला. पत्र्याच्या दोन झडपांचं ते जुनं दार त्याने बोटाने टोकरलं. गंजाचा पापुद्रा निघाला.

"याचं आयुष्य संपलं मॅडम. शटर हाताने ओढायचं करू की मोटरचं?"

"मोटरचं. रिमोटवर चालणारं."

"दोन रिमोट येतात."

"दोन्ही मला."

"मोटरची लाइन कुठून घ्यायची? वरून की खालून?"

"माझ्या मीटरवरून," मी म्हटलं. "वरच्या मजल्याची एक वायरसुद्धा त्याला शिवता कामा नये."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग कुलूपबंद झडपांच्या फटीतून आतल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला, "कधी बसवायचं बोला."

दिवस मी निवडला होता. भाऊजींचं मित्रमंडळ दरवर्षी चैत्रात मिनीबस करून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचं. सकाळी निघून रात्रीपर्यंत परत. जाऊही बरोबर जायची. गाडी घरीच राहायची. आणि दुसरी गोष्ट, तीही मला माहीत होती, कारण जिन्यात दुसरा विषयच नव्हता. पुढच्या रविवारी त्यांना मुलासाठी मुलगी बघायला सिन्नरला जायचं होतं. मोठं घराणं, मोठी बागायत. भाऊजींनी त्यासाठी गाडीला नवी सीट कव्हरं घातली होती.

या वेळचा "परवा" चुकू नये म्हणून मी शटरवाल्याला आदल्या दिवशी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मॅडम, माझ्या बायकोनेसुद्धा मला इतकी आठवण केलेली नाही."

मिनीबस हॉर्न वाजवत गेली. जाऊने खिडकीतून हात हलवला. मी पण हलवला. थोड्या वेळाने शटरवाला टेम्पो घेऊन आला, बरोबर दोन कारागीर.

पहिलं काम कुलपाचं. कारागिराने ग्राइंडर सुरू केला. त्या आवाजाने समोरच्या बंगल्यातल्या आजी फाटकापर्यंत आल्या. ठिणग्या फुलबाजीसारख्या उडाल्या आणि भाऊजींचं पितळी कुलूप ठप्पकन फरशीवर पडलं. मी ते उचललं. गरम होतं. पदरात धरून मी ते घरात नेलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग परत येऊन खुर्ची टाकून बसले. मला त्या दिवसाचं काहीच चुकवायचं नव्हतं.

झडपा निघाल्या. शटरवाला आत डोकावला. "गाडी बाहेर काढून द्या मॅडम."

"माझी नाही. किल्ली नाही माझ्याकडे."

"मग?"

"राहू दे आत."

त्याने मान खाजवली. "वेल्डिंग आहे. ठिणग्या उडतील. काच खराब झाली तर बोंब माझ्या नावाने व्हायची."

मी माळ्यावरची ताडपत्री काढून दिली. मला गाडीवर एक ओरखडाही नको होता. भाऊजींच्या हातात तक्रारीला धरायला दोराही मला द्यायचा नव्हता. ताडपत्री थोडी लहान निघाली, गाडीचा मागचा भाग उघडा राहिला. तिकडे फक्त भिंतीची धूळ पडणार होती. दुसरी ताडपत्री शोधायला मी गेले नाही.

दिवसभर भिंतीला भोकं पडत राहिली. दोन्ही बाजूंचे चॅनल उभे झाले, वर ड्रम चढला, मोटर बसली. मी त्यांना तिघांना जेवायला वाढलं, मटकीची उसळ आणि भाकरी, वर घट्ट दही. संध्याकाळी शटरवाल्याने ताडपत्री काढली, रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्या हाताने होऊ द्या."

मी बटण दाबलं. वरून शटर उतरायला लागलं. सावकाश, घरघरत, पट्टीमागून पट्टी. गाडीचं टप दिसेनासं झालं, मग पुढची काच, मग नंबरप्लेट, मग चाकं. जमिनीला टेकल्यावर एक बारीकसा आवाज आला. तो आवाज ऐकताना मला झालेला आनंद चांगल्या माणसाला होतो तसला नव्हता. तो पोटातून आला आणि हातापायांपर्यंत गेला. कारागिरांसमोर मी हसले. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं. शटरवाला म्हणाला, "मॅडम, मोटर तापेल."

मिनीबस आली तेव्हा मी पायरीवर बसले होते. भाऊजी प्रसादाची पिशवी आणि कपाळावर मळवट घेऊन उतरले. फाटकातून दोन पावलं आत आले आणि थांबले.

"वहिनी, हे काय?"

"शटर."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायला हवं होतं?"

"माझी गाडी?"

"आत आहे. काळजी करू नका, सुखरूप आहे."

"किल्ली द्या."

"किल्ली नसते याला. रिमोट असतो."

"मग रिमोट द्या वहिनी, चेष्टा पुरे."

"देते की," मी म्हटलं. "आमची जीप आणून द्या, मी गाडी देते."

त्यांना आधी कळलंच नाही. कुठली जीप, असं विचारलं त्यांनी. खरंच विचारलं. तेव्हा माझ्या मनात उरलीसुरली जी काही माया होती ती संपली. मी उठून आत गेले आणि दार लावलं.

पुढचे दिवस मी नीट जगले. सकाळी अंगणात सडा घालून शटरसमोर रांगोळी काढायचे. भाऊजी वरून बघायचे. पहिल्या दिवशी ते खाली येऊन ओरडले, दुसऱ्या दिवशी पोलिसांचं नाव काढलं. मी म्हटलं, "बोलवा. माझ्या गॅरेजमध्ये माझ्या परवानगीशिवाय इतकी वर्षं कुणाची गाडी आहे, ते मलाही सांगायचंय त्यांना." पोलीस आले नाहीत. आले ते माझे मामेसासरे, दिंडोरीहून, भावाभावांच्या भांडणात आजवर त्यांचाच शब्द शेवटचा असायचा. म्हातारा माणूस, दारात चपला काढतानाच बोलायला लागले.

"सूनबाई, लय झालं आता. सोड त्याची गाडी. लोक हसत्यात."

"मामा, आधी चहा घ्या."

चहा घेताना भाऊजी समोर सोफ्यावर बसले होते, मांडीवर हात ठेवून, गुरुजींनी घरी निरोप पाठवलेल्या पोरासारखे. मी म्हटलं, "मामा, जीप कुणाला दिली ते यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. आतल्या सामानाचं काय केलं तेही नाही. तेवढं सांगू द्या."

मामा त्यांच्याकडे वळले. "काय रे, कुणाला दिली?"

"भंगारवाल्याला."

"कुठल्या?" मी विचारलं.

"आता काय आठवणार?"

"आठवा सावकाश. गाडी कुठे जात नाही."

मामांनी बशीतला चहा फुर्रकन संपवला आणि म्हणाले, "पोरीला विचारल्याबिगर विकलीस, ते वंगाळच केलंस. जा, बघ कुठं मिळती का काय." आणि उठून चपला घातल्या. दिंडोरीच्या गाडीला उशीर होत होता.

भाऊजी गेले. ऐन चैत्राच्या उन्हात, जावेची स्कूटी घेऊन. इकडे अंबडच्या बाजूच्या भंगाराच्या वखारी, तिकडे पाथर्डी फाट्याकडच्या. संध्याकाळी येत तेव्हा शर्टावर घामाचे पांढरे डाग, हाताला काळं ग्रीस. माझ्याकडे न बघता जिना चढत. मी मात्र बघायचे. पडदा बाजूला सारून बघायचे.

एक दिवस दुपारी मागच्या दाराने जाऊ आली. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मला कठोर व्हावं लागणार. मी तयारीत बसले. तिने ओट्याला टेकून एक ग्लास पाणी प्यायलं आणि हळूच म्हणाली, "ताई, गाडी कधी सोडताय?"

"का?"

"रविवारपर्यंत तरी सोडू नका."

मी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"माझी आई आजारी होती तेव्हा म्हटलं, मनमाडला सोडा मला. म्हणाले, रस्ता खराब आहे, गाडीचं काम निघेल. एसटीने गेले मी. पोचले तेव्हा आईची शुद्ध गेली होती." तिने ग्लास विसळून पालथा ठेवला. "सिन्नरला भाड्याच्या गाडीने जाऊ देत. एकदा उतरू देत चार लोकांसमोर भाड्याच्या गाडीतून."

रविवारी ते भाड्याच्या गाडीने सिन्नरला गेले. तिचा एसी चालत नव्हता. मुलीच्या वडिलांनी फाटकात पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी आणली नाहीत?" हे जाऊनेच मला येऊन सांगितलं. सांगताना तिने तोंडावर पदर धरला होता, पण डोळे हसत होते.

त्यानंतर भाऊजी एका संध्याकाळी माझ्या दारात आले. हातात एक स्टिअरिंग होतं, गंजलेलं, रबर निघालेलं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

"घ्या. एवढंच उरलंय जीपचं. आता तरी पुरे करा."

मी ते हातात घेतलं. दिवाणखान्यातला दिवा लावला आणि फिरवून पाहिलं. मधल्या चकतीला तीन दांड्या होत्या.

"आमच्या स्टिअरिंगला दोन दांड्या होत्या, भाऊजी," मी म्हटलं. "घाटात मी धरलेलं आहे ते. हे आमचं नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते ओरडतील. पण ते उंबऱ्यावरच बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या उंबऱ्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"नाही मिळणार ते," ते म्हणाले. "कापली तिला. गॅसने कापली. मी होतो तिथे."

"तुम्ही का होतात?"

"बघायला." त्यांनी हातावरचं ग्रीस पँटला पुसलं. "दादाने मला कधी हात लावू दिला नाही त्या जीपला. कॉलेजात होतो तेव्हा एकदा नेली, ओढ्यात अडकवली, तर सगळ्यांदेखत कानाखाली मारली. त्यानंतर कधीच नाही. आणि तुम्हाला शिकवली. बायकोला शिकवली, घाटात चालवायला दिली, आणि हसत हसत आम्हालाच सांगायचा. मी विचार केला होता, एक दिवस ती माझ्या हातात येईल. आली तेव्हा..."

"तेव्हा कापली."

"हो."

"चष्मा?"

"होता कप्प्यात. मी पाहिला होता. राहू दिला."

इथे गोष्टीतल्या बाईचं मन द्रवतं. माझं द्रवलं नाही. माझ्यासमोर एक माणूस बसला होता, ज्याने मेलेल्या भावावर सूड उगवला होता आणि त्याला जागा मोकळी करणं असं नाव दिलं होतं. मला त्याची कीव आली नाही, पण तो मला पहिल्यांदा नीट कळला. कळलेल्या माणसाची भीती उरत नाही.

मी रिमोट आणला. त्यांच्यासमोर बटण दाबलं. शटर वर गेलं. गाडीच्या मागच्या अंगावर धुळीचा थर बसला होता, त्यावर कुठूनतरी आत आलेल्या मांजराच्या पावलांची रांग होती.

"गाडी काढा," मी म्हटलं. "आणि टायर, पोती, फ्रीज, सगळं. आज."

त्यांनी काढलं. एकट्याने, चार-पाच खेपा करून. फ्रीज जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा त्यांनी वर हाक मारली. जाऊ काही खाली आली नाही. शेजारची दोन माणसं धावली. शेवटचं पोतं गेल्यावर मी गॅरेज धुऊन काढलं, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी मारलं, आणि शटर लावून जेवायला बसले. त्या रात्री मी पोटभर जेवले, दोनदा भात घेतला.

लोक म्हणतात सुडाने माणसाला समाधान मिळत नाही. असेल. मला मिळालं. मुलीने फोनवर विचारलं, "आई, पण बाबा परत आले का त्याने?" मी म्हटलं, "बाबा परत यावेत म्हणून नव्हतं केलं. काका खाली यावेत म्हणून केलं होतं." ती हसली, मग रागावली, मग म्हणाली, तू गाडी घे. मी घेतली, छोटी, वापरलेली. तिला फिनाईलचा वास येत नाही. पहिल्याच रविवारी मी ती वणीच्या पुढे घेऊन गेले, घाट चढले, वर थांबून शेंगा खाल्ल्या आणि परत आले. एकटीच होते. थोडं रडलेही, पण ते माझं माझं.

भाऊजींची गाडी आता रस्त्यावर, समोरच्या जांभळाखाली उभी असते. जांभळांच्या दिवसांत ती पांढरी राहत नाही. महापालिकेला सांगून फांदी तोडावी म्हणून ते सह्या गोळा करत होते. मी सही केली नाही.

सिन्नरचं स्थळ जमलं. लग्न घरासमोर मांडव घालूनच करायचं ठरलं. आचाऱ्याची भांडी, किराणा, गॅसच्या टाक्या ठेवायला बंदिस्त जागा हवी होती, आणि वळवाचे ढग येत होते. भाऊजी खाली आले. बेल वाजवली. मी दार उघडलं तर दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

"वहिनी, दोन-चार दिवस गॅरेज मिळेल का?"

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं. व्यवस्थित, विनंतीच्या स्वरात. मी ते पुरतं ऐकून घेतलं.

"नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ते जिना चढून गेले.

संध्याकाळी जाऊ आली. तिने काही मागितलं नाही, लग्नाच्या बांगड्या भरायला कुठे जायचं ते विचारत बसली. निघताना मी दुसरा रिमोट तिच्या हातात ठेवला. "हा तुझ्याकडे राहू दे. लग्नापुरता नाही. तुझ्याकडेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आचाऱ्याचा टेम्पो दारात येऊन थांबला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "अगं, जरा शटर उघडतेस का?"

वरून जावेचा आवाज आला, "काय काढायचंय?"

"ठेवायचंय अगं. भांडी."

"आले, पोहे टाकलेत," ती म्हणाली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. मी माझ्यासाठी दुसरा कप चहा टाकला आणि खिडकीशी स्टूल ओढून बसले.